रोजचे साधे आवाज सहन होत नाहीत, कायम इअरप्लग घालून राहिलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की ताटावर चमचा घासला, खुर्ची ओढली, दार आपटलं की कानात कळ येते. समोर कुणी मचमच करत खायला लागलं की तिथून उठून जावंसं वाटतं. घरचे म्हणतात, नाटकं करते. म्हणून आता तुम्ही सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत इअरप्लग घालता, आणि विचारताय की हा खरंच आजार आहे का आणि प्लग असेच ठेवले तर काही बिघडेल का.

बिघडेल. म्हणून आधी प्लगचंच बोलते, बाकीचं नंतर.

मीही हे कान घेऊनच जगते, बरीच वर्षं. प्लग घातल्यावर पहिल्या तासात जे सुख मिळतं ते मला चांगलं माहीत आहे. घोटाळा असा की कान म्हणजे नुसती भोकं नव्हेत. आत येणारा आवाज किती मोठा वाटावा हे शेवटी मेंदू ठरवतो. स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो, तसंच मेंदूही कानाकडून कमी माल यायला लागला की आतलं बटण चढवतो. मग प्लग काढल्यावर तोच चमचा आधीपेक्षा जास्त झोंबतो, आणि माणूस पुन्हा प्लगकडे वळतो. २००३ साली याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. ऐकू नीट येणाऱ्या माणसांपैकी काहींना दोन आठवडे प्लग घालायला दिले, आणि काहींच्या कानात सतत हलका सूं आवाज करणारी छोटी यंत्रं लावली. नंतर प्लगवाल्यांना तेच आवाज मोठे वाटायला लागले, यंत्रवाल्यांना लहान. म्हणजे कान चांगले असणाऱ्यांचीही ही गत, तर आपली काय होईल!

पण म्हणून प्लग आजच फेकूनही देऊ नका. दिवसभर प्लगमध्ये राहिलेल्या माणसाने एकदम उघड्या कानाने बाहेर पडणं म्हणजे स्वतःला शिक्षाच. घरातल्या शांत वेळेपासून सुरुवात करा, दर दोन-चार दिवसांनी थोडा वेळ वाढवा. आणि प्लग काढाल तेव्हा खोली अगदी चिडीचूप ठेवू नका. शांततेत प्रत्येक टक्-टुक् ठळक होते. पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, नुसता सूं आवाज, काहीही मागे चालू ठेवा, पण इतकं हळू की त्यावर आवाज न चढवता गप्पा मारता याव्यात. साउंड थेरपी म्हणून डॉक्टर जे देतात त्याचं मूळ तत्त्व हेच. फरक पडायला महिने लागतात. आठवड्यात गुण येतो म्हणणाऱ्याकडे मी तरी पाठ फिरवेन.

प्लगची खरी जागा वेगळी आहे. ड्रिल चालू आहे, लग्नाच्या हॉलमधले स्पीकर आहेत, तिथे जरूर घाला, तिथे तर कान ठणठणीत असणाऱ्यांनीही घालावेत. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा धरतात. माझा ढोबळ नियम असा: ८५ च्या वर प्लग, खाली उघडे कान. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप अगदी अचूक नसतं, पण एवढ्या कामाला पुरतं. स्पंजचे प्लग वरच्या पट्टीतले आवाज जास्त कापतात, त्यामुळे सगळं पाण्याखालून आल्यासारखं होतं आणि समोरच्याचं बोलणंही कळेनासं होतं. वादक लोक वापरतात ते फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच खाली आणतात. गर्दीत मी तेच घालते.

आता आजाराचं. तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळ्या गोष्टी एकत्र दिसतात, आणि दोन्हींचा उपाय एक नाही.

चमचा, खुर्ची, दार यांची कळ येते ती बहुधा हायपरअक्युसिस. यात आवाज करणारा घरातला की परका, याला महत्त्व नसतं. धातूचा, टणक, अचानक झालेला आवाज आला की दुखतं किंवा असह्य मोठा वाटतं. मचमचीचं प्रकरण मात्र मिसोफोनियासारखं वाटतं. तो आवाज मुळात मोठा नसतोच. तरी अंगात संताप चढतो, जबडा आवळला जातो, आणि बहुतेक वेळा ठरावीक माणसाचाच आवाज सर्वांत जास्त खुपतो. परक्याचं खाणं एक वेळ चालतं, घरातल्याचं नाही. स्वतःला विचारून बघा: हाच आवाज निम्मा केला तर सुटका होते का? होत असेल तर पहिलं, होत नसेल तर दुसरं. दोन्ही एकत्र असणंही नवलाचं नाही, माझं तसंच आहे.

नाटकाबद्दल घरच्यांना सांगायला थोडा मालमसाला देते. मिसोफोनिया हे नाव २००१ मध्ये मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या संशोधक जोडप्याने दिलं. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा लोकांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा चावण्या-श्वासाच्या आवाजाला भावनांशी जोडलेला एक भाग, अँटीरियर इन्सुला, इतरांपेक्षा फार जोरात पेटताना दिसला. त्याच वेळी हृदयाचे ठोकेही वाढले. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात ऐकण्याच्या भागाचं तोंड-चेहरा हलवणाऱ्या भागाशी असलेलं नातं जास्त घट्ट निघालं. समोरच्याचं तोंड जणू आपल्याच डोक्यात हलतं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण घास चावणाऱ्याकडे नुसतं बघूनही, आवाज न येता, मला चीड येते. मानसिक आजारांच्या डीएसएम-५ या यादीत मिसोफोनिया नाही, त्यामुळे काही डॉक्टर खांदे उडवतात. पण यादीत नाव नाही म्हणजे त्रासच नाही, असं होत नाही.

यावर काय करायचं? ठरवून त्याच आवाजासमोर दात-ओठ खात बसायचं नाही. ‘सवय होईल’ म्हणून बसवलेल्यांची चीड उलट पक्की होऊ शकते. जेवताना मागे गाणी लावा, समोर न बसता शेजारी बसा म्हणजे तोंड दिसत नाही, आणि डोकं तापायच्या आधीच दोन मिनिटं उठून या. तापल्यावर उठलात की भांडण होतं, आधी उठलात की पाणी प्यायला गेलात एवढंच दिसतं. ज्यांचं जगणंच अडलंय त्यांना समुपदेशनातली सीबीटी पद्धत (त्रासाबद्दलचे विचार आणि त्यावरचं वागणं बदलायला शिकवतात ती) काही प्रमाणात उपयोगी पडते, यावर नेदरलँड्समध्ये नीट चाचणीही झाली आहे. सगळ्यांना पडते असं नाही.

हायपरअक्युसिसला घरात बरंच करता येतं, आणि ते अगदी क्षुल्लक कामांत आहे. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट चिकटवा. ड्रॉवरच्या तळाला जाड कापड घाला. ताटं रचताना मध्ये रुमाल ठेवा. कपाटाच्या दारांना रबरी बटणं लावा. आणि सांगायला बालिश वाटेल, पण सगळ्यांत जास्त फरक मला कशाने पडला असेल तर आगाऊ सूचनेने. आमच्याकडे मिक्सर लावणारा आधी ओरडून सांगतो, ‘लावतोय!’ आवाज तेवढाच असतो, पण अर्धा त्रास जातो.

आगाऊ सूचनेने फरक पडतो याला शरीरातलं एक कारणही असू शकतं. मधल्या कानात रिकीब नावाचं हाड असतं, शरीरातलं सर्वांत लहान. त्याला बांधलेला चिमुकला स्नायू मोठा आवाज आला की ताणतो आणि हाडाची हालचाल आवरतो. आपण स्वतः बोलणार असू तर तो शब्द फुटायच्या आधीच ताणतो. पण अचानक पडलेल्या झाकणाच्या वेळी त्याला उशीर होतो. स्वतः आपटलेलं दार तेवढं लागत नाही, दुसऱ्याने आपटलेलं लागतं, त्यातही कदाचित याचा हात असेल. घरच्यांना हेच नाटक वाटतं: ‘तू आपटलंस तेव्हा कुठे दुखलं?’

हा स्नायू चेहऱ्याच्या नसेवर चालतो. म्हणून चेहरा एका बाजूने लुळा पडला, बेल्स पाल्सी झाली, की त्या बाजूच्या कानाला आवाज फार मोठे वाटतात. आवाज नव्याने बोचायला लागले आणि सोबत चेहरा वाकडा होतोय, किंवा एका कानाचं ऐकू येणं एकाएकी गेलं, तर माझं उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्वतःच्या डोळ्यांची हालचाल किंवा पावलांची धपधप कानात ऐकू येत असेल तर तेही आवर्जून सांगा, ते आतल्या कानाच्या हाडात फट असण्याचं लक्षण असू शकतं. मायग्रेन, डोक्याला मार, मोठ्या आवाजात झालेलं काम, कानात सतत गुणगुण, यातलं काही असेल तर तेही.

तपासणीला जाल तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांबरोबर ऑडिओलॉजिस्टकडेही, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडेही जा, आणि वेळ घेतानाच विचारा की आवाज कुठे असह्य होतो ते मोजता का. साध्या ऐकण्याच्या तपासणीत तुमचा आलेख नॉर्मल येऊ शकतो, आणि मग ‘काही नाहीये’ ऐकून घरी यावं लागतं. असह्यतेच्या तपासणीत बंद खोलीत हेडफोन लावतात, एकेका पट्टीतला बीप पायरी-पायरीने चढवत नेतात, आणि नकोसा झाला की तुम्ही हात वर करायचा. बहुतेक लोक ९०-१०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे हात वर करतात. माझा त्याच्या बराच अलीकडे गेला, आणि तो कागद घरी दाखवल्यावर वाद संपला. तिथे जोरात हात वर करायला लाजू नका, सोसून दाखवण्याचे मार्क नसतात. मधल्या कानाच्या त्या स्नायूची तपासणी करायची तर बरेच मोठे बीप लागतात. ती टाळता येईल का, नाहीतर सगळ्यांत शेवटी घ्याल का, असं आधीच विचारून ठेवा. एमआरआय सांगितला तर तिथल्या माणसाला हा त्रास सांगा. ते यंत्र १०० डेसिबलच्याही वर जातं, तेव्हा आत प्लग आणि त्यावर कानपट्टे असे दोन्ही मागा.