वळताना गाडी घरघरते, दोष नेमका कुठे?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक 82,000 किलोमीटर चालली आहे. वेग 50 च्या पुढे गेला की पुढून बारीक घूं-घूं येते. उजव्या वळणावर तिची मोठी घरघर होते, डाव्या वळणावर आवाज जवळजवळ थांबतो. गॅरेजवाले दोन्ही अ‍ॅक्सल बदला म्हणतात. बदलू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : इतक्यात नको. तुम्ही सांगता ती लक्षणं अ‍ॅक्सलची, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची, नाहीत. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर येतो. झिजलेल्या बेअरिंगच्या कड्यांवर खड्डे आणि चरे पडलेले असतात, भार वाढला की त्यावरून फिरणाऱ्या गोळ्यांचा आवाजही वाढतो. डावीकडे वळताना तेच चाक हलकं होतं, म्हणून ते गप्प बसतं.

अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचा) आवाज अगदी वेगळा असतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि थोडा रेस देत सावकाश गोल फिरा. जॉइंट झिजला असेल तर चाकाच्या फिरण्याबरोबर कट-कट-कट असं ऐकू येतं. तसं काही नसेल आणि सांध्यावरचे रबरी बूट (ग्रीस आत धरून ठेवणारी आवरणं) शाबूत असतील, तर अ‍ॅक्सलला हात लावायचं कारण नाही.

बेअरिंगवर खर्च करण्याआधी टायर पाहा. टायरच्या नक्षीच्या उंचवट्यांवरून तळहात पुढे-मागे फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं, तर तो टायरही घूं-घूं करतो. पुढचे टायर मागे टाकून गाडी चालवून बघा. आवाज मागे गेला तर दोष टायरचा.

आता चाक उचलून तपासा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा, गिअर न्यूट्रल ठेवा. जॅकशेजारी स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. एका हातानं चाक फिरवा आणि दुसरा तळहात सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बाहेरून टेकवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला स्पष्ट जाणवते. कानापेक्षा ही खूण जास्त भरवशाची. मग चाक वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा). मात्र ढिलेपणा नाही म्हणून बेअरिंग चांगलंच, असं समजू नका. आवाज सुरू होतो आणि ढिलेपणा बऱ्याच वेळा नंतर येतो.

बदलण्याचं काम कुठे करता, याला फार महत्त्व आहे. अनेक हॅचबॅकमध्ये हे बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या धातूच्या जाड भागात, दाबून बसवलेलं असतं आणि त्याला हायड्रॉलिक प्रेस लागते. हातोड्यानं ठोकून बसवलेलं बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा घरघरतं, कारण ठोक्यांनी गोळ्यांचे वण कड्यावर उमटतात. नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बसवताना आतल्या कड्याला खालून आधार द्यायचा. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकीय पट्टी बेअरिंगवरच असेल तर ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. अ‍ॅक्सलचा नट नवा घ्या. ब्रेक दाबून धरून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार (कसण्याच्या जोरानुसार) तो टॉर्क पान्यानं कसून घ्या आणि तोवर गाडीचा भार त्या चाकावर टाकू देऊ नका. काम झाल्यावर अलाइनमेंट तपासा. उजवं बेअरिंग शांत असेल तर ते बदलू नका.

प्रश्न : कच्च्या रस्त्यावरून आल्यापासून वळताना पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज येतो, अगदी कमी वेगातही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ब्रेक डिस्क आणि तिच्यामागचं पातळ पत्र्याचं कव्हर यांच्यात जांभ्याचा खडा अडकला असेल, किंवा ते कव्हर वाकून डिस्कला टेकलं असेल. मोकळ्या जागी गाडी थोडी रिव्हर्स घ्या, कधी कधी खडा तेवढ्यानंच पडतो. नाही पडला तर डिस्क गार झाल्यावर चाक काढा, खडा काढा आणि कव्हर हातानं मागे वाकवून सगळीकडे सारखी फट ठेवा. चाक काढलंच आहे तर ब्रेक पॅडही पाहा. अस्तर 3 मिलिमीटरच्या आसपास उरलं असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला.

प्रश्न : अ‍ॅक्सलचा बूट फाटला आहे, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालं आहे, पण आवाज नाही. किती दिवस चालवता येईल? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दिवस मोजू नका, याच आठवड्यात काम करून घ्या. आवाज नाही म्हणजे जॉइंट अजून वाचवता येण्यासारखा आहे. फाटलेल्या बुटातून धूळ आणि पाणी उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळतं आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं गोळ्या घासत राहतं. जॉइंट उघडून जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढायला सांगा. नुसता नवा बूट वरून चढवला तर माती आतच राहते. धुतल्यावर गोळ्यांच्या खाचांत बोट फिरवून बघायला लावा. खड्डा लागला तर बूट घालण्यात अर्थ नाही, जॉइंटच बदलावा लागेल. खाचा गुळगुळीत असतील तर बुटाच्या किटमधलं ग्रीस सगळंच्या सगळं भरा. ते मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस असतं. त्याऐवजी डब्यातलं साधं पिवळं ग्रीस चालत नाही. दोन्ही टोकांना धातूचे क्लॅम्पच हवेत. प्लॅस्टिकची पट्टी बांधली तर ग्रीस पुन्हा बाहेर येतं.