कोरा रकाना

पोरी,

बालेवाडीच्या पोहण्याच्या स्पर्धेहून परतताना गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस, असं आई सांगत होती. हीटमध्ये, म्हणजे एका वेळी पाण्यात उतरलेल्या तुमच्या गटात, पहिली आलीस, तरी पदक दुसरीला. म्हणून पंचांवर राग धरलायस. पंचांचं काही चुकलं नाही. पदकं सगळ्या हीटच्या वेळा एकत्र लावून दिली. तुझ्या फॉर्मवर आधीची वेळ लिहायचा रकाना कोरा होता, आणि वेळ नसलेल्यांना सुरुवातीच्या, सर्वांत संथ हीटमध्ये टाकतात. तिथं तुला रेटायला शेजारी कुणी नव्हतं.

आता बाबा म्हणतात, पुढच्या खेपेला 1 मिनिट 8 सेकंद लिहून टाकू, मधली लेन मिळेल. मिळेलही. आठ लेनच्या तलावात सर्वांत वेगवान मुलगी चौथ्या लेनमध्ये, मग पुढच्या पाचव्या, तिसऱ्या, सहाव्या लेनमध्ये असं करत कडेला जायचं. पण ती जागा कुणीतरी रोज पहाटे उठून कमावलेली असते. आणि तू त्या पोरींच्या मागे पहिले 50 मीटर जीव टाकून जाशील, वळलीस की खांदे दगड होतील. खरी वेळ भर. बाकी काही नको, खरी वेळ भर.

खरी म्हणजे कुठली, तेही ऐक. मालवणात चिवल्याच्या समुद्रातली चालणार नाही, पाण्याची ओढ पाठीशी असली की कुणीही वेगवान. 25 मीटरच्या तलावातलीही जशीच्या तशी नको. तिथं शंभर मीटरला भिंतीवरून तीनदा रेटा मिळतो, मोठ्या तलावात एकदाच. हे किती वेळा सांगितलं असेन मी!

माझ्याकडे पोहायला येणारा एक मुलगा होता. कमरेला सुके नारळ बांधून विहिरीत शिकलेला, पाण्यात मासा. घरच्यांनी खोटी वेळ भरायला सांगितलं, मी नाही म्हटलं. ते रागावून गेले, मुलानं पोहणंच सोडलं. गावात अजून मला हट्टी म्हणतात. म्हणोत. खोटी वेळ मी आजही भरणार नाही. पण नुसतं नाही म्हणून मी मोकळा झालो, रकाना कोरा सोडला. मोठ्या तलावावर नेऊन त्याची खरी वेळ घ्यायला हवी होती. एका दिवसाचं काम होतं. भाताची लावणी चालू होती, मी गेलो नाही. हे मला सलतं, आणि तुझाही रकाना माझ्या डोळ्यांदेखत कोराच गेला.

पुढच्या महिन्यात आपण चौघं 50 मीटरच्या तलावावर जाऊ. गाडीखर्च माझा, बाबांशी वाद घालू नकोस. एक घड्याळ माझ्या हातात, एक आईच्या, एक बाबांच्या. तिन्ही वेगवेगळी दाखवली तर स्पर्धेत धरतात तशी मधली धरू, आणि फॉर्मवर ती बाबाच लिहितील.

तुझा
काका