जिवलग मित्र गेला तरी नवरा रडला नाही, म्हणजे त्याला काहीच वाटत नाही का?

हा प्रश्न बायका विचारतात, मुलांबद्दल आयापण विचारतात. समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची केस सांगते, दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतकं बदलून.

नवरा रात्रीच्या कार्गो विमानांवर पायलट. ट्रेनिंगपासूनचा मित्र बाईक अपघातात गेला. हा स्मशानातून आला, आंघोळ केली, जेवला, दुसऱ्या दिवशी ड्युटीवर, आणि नंतर मित्राचं नावच काढेना. बायको म्हणाली, "मॅडम, उद्या मी गेले तरी हा असाच जेवेल हो."

मग तो आला. त्याला जुन्या हॉलिवूड पिक्चरचं वेड, आणि 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' त्याचा आवडता. 1939 चा, हॉवर्ड हॉक्सचा. दक्षिण अमेरिकेतल्या बरांका नावाच्या काल्पनिक बंदरातून टपाल घेऊन डोंगरांवरून उडणारे पायलट आणि त्यांचा बॉस जेफ, म्हणजे कॅरी ग्रँट. जो नावाचा पोरगा धुक्यात उतरायची घाई करतो कारण खाली बॉनी नावाच्या, नुकत्याच तिथे आलेल्या मुलीबरोबर जेवायचं ठरलंय, जेफ रेडिओवरून सांगतोय वरच थांब, हा ऐकत नाही आणि मरतो. त्याच्यासाठी मागवलेलं स्टेक मग जेफच खातो आणि विचारतो, कोण जो? "आमच्या लाइनीत असंच राहावं लागतं," नवरा म्हणाला.

मी म्हटलं, पटतं मला, पुन्हा उडायचं असतं तेव्हा दुःख बाजूला ठेवावंच लागतं. पण पुढचं आठवा की. जेफचा सगळ्यात जवळचा मित्र, किड नावाचा पायलट, मरतो, मरताना कोणी बघू नये म्हणून जेफलाही बाहेर पाठवतो, आणि नंतर बॉनी येते तेव्हा त्याच जेफचे डोळे भरलेले असतात, समोर किडच्या वस्तू. हॉक्सचा सख्खा भाऊ केनेथ 1930 मध्ये शूटिंग करताना विमानांच्या टकरीत गेला होता, त्यामुळे हा सीन मला नुसता रचलेला वाटत नाही.

तो बराच वेळ गप्प. मग खरं बोलला: झोप येत नाही, आणि कुठे सांगितलं तर मेडिकलमध्ये, म्हणजे पायलटच्या तब्येतीच्या तपासणीत, अडकेन. किडचंही तेच ना, नजर अधू झालेली पण लपवतो, जेफला कळल्यावर तो त्याचं उडणं बंद करतो. जेफचं बरोबरच होतं, झोप नसताना विमान चालवणं ही लपवायची गोष्टच नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. त्याने कंपनीच्या डॉक्टरांना सांगितलं, काही दिवस ड्युटी बंद झाली, झोप हळूहळू परत आली.

बायकोला सांगितलं, रडत का नाहीस हे विचारू नका, मित्राबद्दल विचारा. जेफ कुठल्याच बाईकडे काही मागत नाही, बॉनीला थांब म्हणायलासुद्धा नाणं उडवतो, छापा पडला तर थांब, आणि ते तिच्या हातात ठेवून निघून जातो. मग तिला कळतं की दोन्ही बाजूंना छापाच आहे, म्हणजे तिने थांबावं असंच त्याला वाटत होतं. तुमच्या माणसाचं असं नाणं शोधा. तिला सापडलं: हा मित्राच्या आईचं लाइट बिल दर महिन्याला गुपचूप भरत होता. आता दोघं मिळून त्या माउलीकडे जातात, तिथे तो मित्राचे किस्से सांगतो.

मात्र कित्येक आठवडे झोप उडालीय, दारू वाढलीय, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येतंय, तर नाणं शोधत बसू नका, लगेच सायकिअॅट्रिस्टकडे न्या.