अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर बटणं आणि हिशेब: सुरुवात करताना

मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्सेस हा डेटाबेस प्रोग्राम शिकताना सरावाला बिलाचा फॉर्म निवडलास, उत्तम केलंस. सध्या एवढंच सांभाळ:

- रक्कम टेबलात साठवू नकोस. 'रक्कम' नावाचा नवा टेक्स्ट बॉक्स घे, त्याच्या कंट्रोल सोर्समध्ये (बॉक्सने किंमत कुठून घ्यायची ते सांगायची जागा) =[नग]*[दर] लिही; नग आणि दर ही टेबलातल्या रकान्यांची नावं. सुरुवातीचं = विसरलं की एरर येते. बॉक्सचं नाव 'नग' किंवा 'दर' ठेवू नकोस, नाहीतर तो स्वतःचीच किंमत शोधत बसतो.
- फूटरमधल्या (फॉर्मच्या तळच्या पट्टीतल्या) एकूण बेरजेत बहुतेक नवखे अडतात. तिथे सम फंक्शनला 'रक्कम' हे बॉक्सचं नाव चालत नाही. पुन्हा [नग]*[दर] हेच द्यावं लागतं.
- बटण विझार्डनेच (टप्प्याटप्प्याने विचारत काम करून देणाऱ्या मदतनीसाने) टाक आणि त्याला लगेच ओळखीचं नाव दे.

व्हीबीए (अ‍ॅक्सेसमधली प्रोग्रामिंगची भाषा) आत्ता अजिबात उघडू नकोस. आधी दोन-चार बिलं भरून बघ, एखाद्यात दर मुद्दाम रिकामा ठेव, म्हणजे तेव्हा हिशेबाचं काय होतं ते कळेल.