तोंड त्याने उघडायचं

प्रिय मुली,

तुझ्या मेसेजमधलं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "मावशी, आठवा महिना लागला तरी याच्या पोटात चार चमचे जात नाहीत." जात नाहीत! बाळाच्या जेवणाबद्दल आपली सगळी क्रियापदं अशीच. किती गेलं, किती घातलं, किती भरवलं. डब्यात पीठ भरावं तसं. "त्याने किती खाल्लं" असं विचारणारं तुमच्या घरात कुणी दिसत नाही, आणि दुखणं तिथेच आहे.

आधी त्याचं वाढीचं कार्ड. तू पाठवलेला फोटो नीट पाहिला. जन्माचं वजन 2.8 किलो, आत्ता 7.7. रेष हिरव्या पट्ट्यात आहे आणि वर चढते आहे. लघवी भरपूर, खेळणं चालू, अंगावरचं दूध आवडीने पितो. हे मूल उपाशी नाही. या वयात दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात आणि त्यातल्या 200च वरच्या अन्नातून याव्यात अशी अपेक्षा असते. उरलेलं सगळं तुझ्या दुधातून. तेव्हा त्याच्या जेवणाचा मोठा वाटा अजून तूच आहेस, आणि वरचं अन्न या दोन महिन्यांत पोट भरण्यापेक्षा शिकण्यासाठी जास्त आहे. फक्त लोहाचं तसं नाही, त्यावर पुढे लिहिते.

आता माझा हेका, जो तू या पत्रात पुन्हा ऐकणार आहेस: तोंड त्याने उघडायचं. काय शिजवायचं, केव्हा द्यायचं, कुठे बसवायचं हे तुझं काम. खायचं की नाही आणि किती, हे त्याचं. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी मांडली, आणि मुलांच्या जेवणाबद्दल याहून उपयोगी वाक्य मला सापडलेलं नाही. तू आत्ता त्याचं काम करते आहेस आणि तुझं मात्र राहून जातंय.

व्हिडिओ तीनदा पाहिला. तो तुझ्या मांडीवर रेललेला आहे. मान मागे, पाय हवेत लोंबकळताहेत. समोर मोबाईलवर गाणं, बाजूला आजी टाळ्या वाजवताहेत. तो गाण्याकडे बघून हसला, तोंड जरा उघडलं, तेवढ्यात तू चमचा आत सरकवलास आणि बाहेर काढताना वरच्या हिरडीला पुसलास. त्याने जिभेने सगळं बाहेर ढकललं. तू ते हनुवटीवरून गोळा करून पुन्हा आत घातलंस. चौथ्या चमच्याला त्याने मान फिरवली, पाचव्याला ओठ घट्ट मिटले, सहाव्याला रडला. हे नखरे नाहीत गं. त्याने तीन वेळा, तीन वेगळ्या पद्धतींनी, अगदी सभ्यपणे "नको" म्हटलं. रडणं हा चौथा मार्ग होता.

आता हेच बरोबर कसं, ते सांगते. पाठ सरळ, कंबरेतून काटकोनात बसलेला. खुर्ची असेल तर मागे आणि बाजूंना टॉवेलची गुंडाळी, पायाखाली पाट किंवा उलटा डबा. पाय टेकले की धड स्थिर होतं, आणि धड स्थिर असेल तरच जीभ आणि जबडा मोकळे काम करतात. तू त्याच्या समोर बस, डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. चमचा लहान आणि उथळ, त्यावर अन्न अर्धाच चमचा. वरून आणायचा नाही, समोरून, त्याच्या हनुवटीच्या उंचीवर. ओठांपासून चार बोटांवर थांबव. मग काहीच करू नकोस. तो चमच्याकडे बघेल, पुढे झुकेल, तोंड उघडेल. तेव्हा चमचा आडवा आत जाऊन खालच्या ओठावर टेकवायचा आणि वरचा ओठ मिटायची वाट बघायची. वरच्या ओठाने अन्न ओढून घेणं ही त्याने शिकायची क्रिया आहे. तू हिरडीला पुसलंस की ती शिकायची गरजच उरत नाही. दहा सेकंदांत तोंड उघडलं नाही तर चमचा खाली. पुन्हा एकदा. तरीही नाही, तर जेवण संपलं. हसून उचलायचं आणि तोंड पुसायचं. हे शेवटचं तुला सगळ्यात जड जाणार आहे.

दुसरा एक चमचा त्याच्या हातात दे, रिकामा. तो आपटेल, चावेल, खाली टाकेल. टाकू दे.

वेळही चुकते आहे. दूध पाजल्यावर लगेच देतेस, तेव्हा भूकच नसते. आणि कडकडून भूक लागल्यावर दिलंस तर त्याला चमच्याचं शिकायला धीर नसतो, त्याला छातीच हवी असते. दूध पिऊन तास-दीड तास झालेला, झोप पूर्ण झालेली, नाक मोकळं, अशी वेळ निवड. सुरुवातीला दिवसातून दोनदा. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. आणि तो मोबाईल बंद. गाणं बघत उघडलेलं तोंड त्याने खाण्यासाठी उघडलेलं नसतं, म्हणून ते मोजायचं नाही.

आता वाटीत काय आहे ते बघू. तुझ्या वाटीत वरणाची निवळ आहे, भाताची पेज आहे, आणि मिक्सरमधून फिरवून गाळलेलं गाजर. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिली मावतं. याचं म्हणजे फार तर सव्वादोनशे मिली, त्यात दूधही आलं. ती जागा निवळीने भरायची? निवळ म्हणजे डाळीचा वास आलेलं पाणी. अन्न इतकं घट्ट हवं की चमचा तिरका केला तर धार लागू नये, गोळा हळूच घसरावा. वरण तळापासून ढवळून घट्ट घ्यायचं, मऊ भात त्यात बोटांनी कुस्करायचा, वर चहाचा एक चमचा साजूक तूप. त्या एका चमच्यात चाळीसच्या आसपास कॅलरी आल्या. वाटी मोठी करण्यापेक्षा हे सोपं.

खिमट जमत असेल तर उत्तमच. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन सावलीत वाळवून मंद आचेवर खमंग भाजायचं, थोडे जिरे घालायचे आणि रव्यासारखं भरड दळायचं. दोन मोठे चमचे भरड एक वाटी पाण्यात, गुठळी न होऊ देता सात-आठ मिनिटं शिजव. मीठ नको, साखर नको, गूळही नको. वर्षापर्यंत त्याच्या जिभेला त्यांची गरज नाही. मध तर अजिबात नाही, चाटणासाठीही नाही. मधातल्या क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूच्या बीजाणूंशी वर्षाच्या आतलं आतडं लढू शकत नाही.

नाचणी सत्त्वाचं तू विचारलंस. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून वाळवतात ते सत्त्व दिसायला सुरेख, पण चोथ्याबरोबर बरंच काही टाकून दिलेलं असतं. त्यापेक्षा मोडाची नाचणी कर. रात्रभर भिजव, मग ओल्या कापडात दिवस-दीड दिवस बांधून ठेव, मोड आले की वाळवून अगदी हलकी भाज आणि दळ. हलकीच भाज, कारण मोड येताना दाण्यात जे अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं विकर, तयार होतं ते जास्त उष्णतेने मरतं, आणि तेच तर हवंय. घट्ट शिजलेलं खिमट खाली उतरव, जरा निवू दे, त्यात हे पीठ चिमूटभर टाकून ढवळत राहा. दोन-चार मिनिटांत ते डोळ्यांसमोर सैल होतं. पाणी न वाढवता गिळायला सोपं झालं. ज्या बाळाला घट्ट नको असतं त्याच्यासाठी ही युक्ती मिक्सरपेक्षा शंभरपट बरी.

मिक्सर बंद करायची वेळ तुझी आलीच आहे. आत्ता कुस्करलेलं, नवव्या महिन्यात बारीक कण राहिलेलं आणि हातात धरून खाता येईल असं, वर्षाला घरचं जेवण. ब्रिटनमध्ये एव्हन भागातल्या हजारो मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला आहे. ज्यांना कण असलेलं अन्न नऊ-दहा महिने उलटून गेल्यावर पहिल्यांदा मिळालं, त्यांच्यात पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. "दात नाहीत" हे कारण देऊ नकोस. पुढचे दात आले तरी त्यांनी दळता थोडंच येतं? दाढा यायला वेळ आहे, तोवर हिरड्या पुरतात. उकडलेल्या रताळ्याची बोटाएवढी फोड त्याच्या हातात दे आणि बघ.

तो उबळ काढेल, तेव्हा घाबरू नकोस. बाळाची ओकारीची जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून कण मागे गेला की खोकतो, चेहरा लाल होतो, आवाज येतो, जीभ बाहेर येते. ते त्याचं संरक्षण आहे. त्याचं त्याला निस्तरू दे. घास अडकला तर आवाजच येत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन्ही खवाट्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा थापा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, आणि कुणालातरी 108 लावायला सांगायचं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर आणि सफरचंदाच्या फोडी घरात त्याच्या हाती लागता कामा नयेत. दाण्याचं कूट मात्र अगदी बारीक, खिमटात पूर्ण मिसळून द्यायला हरकत नाही. त्याला इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

म्हणूनच बोंडल्याबद्दल, त्या चोचीच्या वाटीबद्दल, मी कडक बोलते. पायावर आडवं घेऊन, नाक-गाल दाबून, बोंडल्याने पेज ओतणं. यात बाळ गिळतं, कारण न गिळलं तर गुदमरेल. थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तरी छाती भरते. आणि गेलं नाही, तरी ते मूल जेवण म्हणजे काय शिकलं? तोंड त्याने उघडायचं. सासूबाईंशी यावरून भांडू नकोस, त्यांना उत्तरं देऊ नकोस. नाचणीला मोड आणायचं काम त्यांच्याकडे दे. तुझ्यापेक्षा चांगले आणतील.

आता लोह. जन्मताना बरोबर आणलेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमाराला संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. लोह कमी झालं की भूक मरते, भूक मेली की खात नाही, न खाल्ल्याने लोह आणखी कमी. "खातच नाही" म्हणून येणाऱ्या मुलांत हे चक्र फार वेळा सापडतं. तुमच्याकडे मासे-अंडी चालतात, तर देत का नाहीस? काटा नीट काढलेलं पापलेट, पूर्ण उकडलेलं अंडं पांढऱ्यासकट, कोंबडीचा शिजवून चुरलेला तुकडा. डाळीत दोन थेंब लिंबू पिळ, लोह जास्त शोषलं जातं. आशा कार्यकर्त्या ताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, सहा महिन्यांपासून 1 मिली, आठवड्यातून दोनदा. चालू केलं आहेस का ते कळव.

"आवडत नाही" हा निकाल तू दोन वेळा दिल्यावर लावलास. दुधीचा घास आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. चाटून थुंकला तरी ती एक भेट झाली.

आणि तुला वाटत असेल की मावशी नव्या काळाचं काहीतरी सांगते आहे, तर ऐक. अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1928 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे 1939 पर्यंत पंधरा मुलांची माहिती जमली. सहा ते अकरा महिन्यांची, दुधापलीकडे काही न चाखलेली मुलं. समोर साध्या पदार्थांच्या वाट्या. नर्सने चमचा हातात धरून गप्प बसायचं. मुलाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच चमचा भरायचा, आणि तोंड उघडलं तरच आत द्यायचा. मुलं वाढली, धडधाकट राहिली. पण डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलं की खरी गंमत पदार्थांच्या यादीत होती. त्यात साखर नव्हती, बिस्किटं नव्हती. म्हणजे वाटी तुझी. तिथे तू हट्टी राहा. चहात बुडवलेलं बिस्किट खातो म्हणून ते देणं हा त्याचा हक्क नाही, तुझा आळस आहे.

चिडले, माफ कर. या चिडण्यात आमचाही दोष आहे. बाळांचं वजन-खाणं बघणाऱ्या आम्ही लोकांनी वर्षानुवर्षं आयांच्या हातात तक्ते दिले: सातव्या महिन्यात दोन-तीन चमचे, मग अर्धी वाटी, नवव्यात तीन-चार वेळा. ते चुकीचं नव्हतं, आजही नाही. हिरव्या पट्ट्याखाली गेलेली मुलं रोज समोर असताना आकडा देणं भागच होतं. पण त्या अर्ध्या वाटीची आम्ही परीक्षा करून टाकली. ती वाटी 250 मिलीची, हे किती जणींना सांगितलं? आणि ती सगळ्या मुलांची सरासरी आहे, रोजचा कोटा नाही, हे सांगायचं तर राहूनच गेलं. ते सांगायला हवं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात चिकटवलेला तक्ता मी फोटोत पाहिला. काढून टाक.

मात्र काही गोष्टींत थांबायचं नाही. सलग दोन महिने वजन वाढलं नाही, प्रत्येक घासाला खोकला किंवा ओलसर घरघर, हिरवी उलटी, लघवी कमी, आधार देऊनही बसताना मान डगमगते, किंवा नवव्या महिन्यातही काहीच तोंडाजवळ येऊ देत नाही, तर सरळ बालरोगतज्ज्ञांकडे.

उद्या सकाळी खुर्चीत टॉवेल लाव, पायाखाली पाट ठेव, मऊ भात-वरण कर आणि चमचा चार बोटांवर थांबव. पहिले चार-पाच दिवस तो आत्तापेक्षाही कमी खाईल. तो बघतोय की तू खरंच थांबतेस का.

पुढच्या लसीच्या वेळी वजन झालं की कार्डाचा फोटो पाठव. वाटीत किती उरलं ते मला कळवू नकोस.

तुझी,
मावशी