दुप्पट किमतीचा खिशातला चाकू घ्यावा का?

आपला प्रश्न असा आहे की, एकाच चाकूच्या दोन आवृत्त्यांपैकी एस ३० व्ही नावाच्या पोलादाच्या चाकूला साध्या चाकूच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडतात, तर पणजीत राहून फळे कापणे, खोकी उघडणे, सुतळी तोडणे एवढ्यासाठी ते द्यावेत का. माझ्या मते देऊ नयेत.

या पोलादात सुमारे १४ टक्के क्रोमियम असल्यामुळे ते सहसा गंजत नाही, आणि ४ टक्के व्हॅनेडियममुळे त्यात जे अतिशय कठीण कण तयार होतात, त्यांच्या जोरावर धार दीर्घकाळ टिकते. मात्र हेच कण कुरुंदाच्या सहाणेलाही दाद देत नाहीत. माझ्याकडचा असा चाकू डिचोलीच्या आमच्या कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, एक हंगाम सुरेख चालला. ठिबकच्या नळ्या कापून धार गेल्यावर मात्र वडिलांच्या सहाणेवर अर्धा तास घासूनही पाते नखावर टेकवले की रुतण्याऐवजी निसटतच राहिले. शेवटी हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी वेगळी घ्यावी लागली.

याचा अर्थ सर्वांत स्वस्त चाकू घ्यावा असाही नाही. ऑपिनेल या फ्रेंच कंपनीच्या ८ क्रमांकाच्या चाकूचे कार्बन पोलादाचे पाते सहाणेवर चटकन येते, पण मी त्याने काजूचे बोंडू कापले आणि हात धुऊन येईपर्यंत पाते काळेनिळे पडले होते. त्याच चाकूची न गंजणारी आवृत्ती मिळते. तिच्यासाठी थोडे अधिक पैसे आपण निःशंकपणे द्यावेत. पावसाळ्यात तिची लाकडी मूठ फुगून पाते खाचेत अडकते, एवढे ध्यानात ठेवावे. हे नको असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा पायोनियर पाहावा. त्याचे पोलाद तुलनेने मऊ असल्याने कोणत्याही सहाणेवर पाच-दहा मिनिटांत त्याला धार येते.

आपण होडीवर जात असाल, तर मात्र माझे मत बदलेल. कार्बनचा बराच वाटा नायट्रोजनने घेतलेल्या पोलादाचे चाकू, उदाहरणार्थ स्पायडर्कोच्या सॉल्ट मालिकेतले, खाऱ्या पाण्यात टिकावेत म्हणूनच बनवलेले असतात, आणि तिथे जास्तीची किंमत सार्थ ठरते.

चाकू कोणताही घेतलात तरी तो गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होऊन पाते उघडायला जड जाते.