प्रदर्शनाच्या सामूहिक कामाविषयी एका नव्या कलाशिक्षिकेस

चि.,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जानेवारीतील शालेय प्रदर्शनासाठी सातवी-आठवीच्या मुलांकडून पैठणीचा मोठा पदर कागदावर रंगवून घ्यायचा आणि त्याखाली आठवडी बाजाराचे मातीतील उठावचित्र मांडायचे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र मोठे चित्र तुकड्यांत वाटून दिले, प्रत्येकाने आपापला तुकडा घरी रंगवला आणि शेवटी सारे चिकटवले, एवढ्याने काम सामूहिक होत नाही. एकाचे काम दुसऱ्यावाचून अडले पाहिजे, आणि मध्येच शाळा सोडून जावे लागणाऱ्या मुलाचीही जागा त्यात आधीपासून ठरलेली असली पाहिजे. आपल्या भागात ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिच्याविषयी पुढे लिहितो.

आधी पदर. शक्य असेल तर मुलांना एकदा पैठणला नेऊन हातमागासमोर बसव. पारंपरिक पद्धतीत नक्षीतील दोन रंग जिथे भेटतात तिथे विणकर त्यांचे आडवे धागे एकमेकांत गुंतवतो. त्यामुळे वस्त्राला फट पडत नाही आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तुझ्या कागदी पदरातही खरे काम या सीमेवरच आहे. बांगडी-मोराची, म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसवलेल्या मोरांची आकृती आधी आलेख कागदावर काढून घे आणि 180 सेंमी रुंद, 120 सेंमी उंच अशा कागदावर चौकटी मोजून वाढव. त्याचे 30 सेंमीचे 24 चौकोन होतील. चौकोन कापून झाल्यावर ते जमिनीवर जागच्या जागी मांड आणि शेजारी-शेजारी आलेल्या मुलांनी आपल्या सामाईक कडेची दोन-दोन बोटे पट्टी एकत्र बसून आधी रंगवावी, असा नियम कर. मोराची मान एका चौकोनात आणि चोच दुसऱ्यात असेल, तर त्या दोघांना बोलावेच लागते, वाद घालावा लागतो आणि कुणाला तरी आपली रेषा पुसावी लागते. तिथे तू मध्ये पडू नकोस. आतील भाग नंतर ज्याने-त्याने भरावा.

रंग मात्र वाटून देऊ नकोस. पदराचा जांभळा रंग लागेल तेवढा एकदाच, एकाच बादलीत कालवून ठेव. दोन दिवसांनी पुन्हा कालवलेला रंग पहिल्याशी क्वचितच जुळतो. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, म्हणून कागदाच्या वेगळ्या पट्टीवर लावून वाळवून पाहणे, झाकण लावणे आणि नोंद ठेवणे ही जबाबदारी चित्रकलेत मागे असलेल्या दोघा-तिघांकडे दे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांत चांगली श्रेणी मिळवलेली मुले सगळे ब्रश आपल्याच हाती घेतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पण बादली ज्याच्या ताब्यात असते, त्याला त्यांनाही विचारावे लागते.

मातीच्या कामाला आपली काळी माती नुसती वापरू नकोस. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे फलकाला तडे जातात. माती चाळून घे आणि तिच्यात बारीक रेती व साळीचा तूस किंवा गव्हाचा भुसा मिसळ. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातही तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. मुलांना हे सांगितलेस तर भुसा कालवण्याचा त्यांना कंटाळा येणार नाही. फलक वीतभर लांब-रुंद आणि बोटभर जाडीचे ठेव, आणि उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळू दे.

आता ती दुसरी गोष्ट. तुझ्या वर्गातील काही मुलांचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातील, आणि त्यांतली काही मुलेही त्यांच्याबरोबर जातील. प्रदर्शनाची तयारी डिसेंबरात सुरू केलीस, तर ही मुले त्यात कुठेच असणार नाहीत. म्हणून मातीचे काम सप्टेंबर-ऑक्टोबरातच उरकून घे. बाजारातील बैलजोडी, तराजू, मिरच्यांचे ढीग, बांगड्यांचे दुकान यांतले काय घडवायचे, ते निवडण्याचा पहिला मान जाणाऱ्या मुलांना दे. त्यांचे फलक मधोमध बसव आणि मागे राहिलेल्या मुलांना त्यांच्याभोवती बाजार वाढवू दे, म्हणजे उरलेले चित्र त्यांच्या फलकांना धरूनच पुढे जाईल. एखादा फलक फुटला तर तो परस्पर नव्याने करून घेऊ नकोस. तुकडे सरसाने जोडून तोच लाव.

नावांच्या फलकावर सर्वांची नावे अकारविल्हे असावीत, बाहेरगावी गेलेल्यांचीही. कुणी काय केले, हे त्यात लिहू नकोस. बक्षिसासाठी गटप्रमुखाचे नाव मागितले गेले, तर वर्गाचे नाव दे आणि त्यावर ठाम राहा.

वेळ थोडा आहे. आलेखावरचा मोर काढून झाला की मोबाईलवर त्याचे छायाचित्र पाठव. कापण्यापूर्वी चौकोनांच्या रेषा कुठून जातात ते मला पाहू दे, कारण मोराच्या डोळ्यावरून रेष गेली तर ती एक चौकट सरकवावी लागेल.

तुझे,
सर